खेजडीखालचा देव

केतकीने फुलपात्र भरलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि त्यातलं घोटभर पाणी परत कॅनमध्ये ओतलं.

"घ्या आई. सकाळचं."

सून सासूला पाणी मोजून देत होती. मी ते एका दमात प्यायले आणि फुलपात्र तिच्या हातावर उपडं केलं.

"बघ, थेंब राहिला असंल तर तोही ओत कॅनमध्ये."

"आई, सगळ्यांना तेवढंच आहे. मलासुद्धा."

"मी कुठं म्हटलं तू जास्त पितेस? प्यायलीस तरी मी काय रात्री झाकण उघडून बघणार हाय?"

तिनं ओठ घट्ट मिटले. ओठ फुटले होते तिचे, मिटताना चुरचुरले असणार. मी रोज म्हणत होते तूप लाव, तर ती कसलीशी कांडी फिरवायची. पलीकडे सुलभाताई शहाणे तंबूच्या खुंट्या उपटत होत्या आणि आमच्याकडे कान देऊन न दिल्यासारखं करत होत्या. त्यांचे यजमान, शहाणे साहेब, बूट हातात घेऊन नुसते बसले होते.

ते मला खटकलं. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस. सकाळी उठल्यापासून तोंड चालू असायचं. हा दगड किती जुना, हा वारा कुठून येतो, पूर्वी इथं समुद्र होता. आज एक शब्द नाही.

आम्ही चौघंच होतो. जैसलमेरच्या पुढे, जिथं डांबर संपतं तिथून चालत निघालेलो. उंट नाही, गाडी नाही, आपलं ओझं आपल्या पाठीवर. लोक असल्या हालांसाठी रजा काढून येतात. माझा मुलगा सुदाम गडांवर माणसं फिरवतो, आमचं घरच वेल्ह्याकडे गडाच्या पायथ्याला. त्यात त्याने ही पुण्याची पोरगी केली, तीही डोंगर चढणारी. मग दोघांनी मिळून लांबलांबच्या वाटा काढल्या. त्या वर्षी वाळवंट. संक्रांतीनंतर सुदाम जीप घेऊन येऊन गेला होता आणि वाटेवर जागोजागी पाण्याचे कॅन पुरून ठेवले होते, कारण इतक्या दिवसांचं पाणी कोणाच्या पाठीला झेपत नाही. परत आला, घरावरची कौलं चाळायला चढला आणि खाली पडून पाय मोडून घेतला.

शहाणे नवरा-बायकोचं आधीच ठरलेलं. केतकी म्हणाली, मी नेते.

मी म्हटलं, मी येते.

"आई, वाळवंट आहे ते."

"मग? मी काय गाद्यागिरद्यांवर वाढले? तुमचा जन्म व्हायच्या आधीपासनं डोक्यावर हंडा घेऊन गड चढतेय मी. वर पाणी विकत घेणारे तुमच्यासारखेच होते."

खरं कारण वेगळं होतं, ते तिला माहीत होतं आणि मलाही. माझ्या हातातला कारभार ती कसा चालवते ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. चुकली असती तर सांगायलाही बरं.

सॅक मी घेतली नाही. कापडाची चुंबळ केली आणि पिठाचं, भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं. सुलभाताईंनी फोटो काढले. पहिल्या दिवशी वाळूनं माझी जिरवली. पाय टाकावा तर घोट्यापर्यंत आत, उचलावा तर मागं. पण मान मी वाकवली नाही. मान वाकवली असती तर गाठोडंही पडलं असतं.

दिवस सगळे सारखेच. उजाडायच्या आत उठायचं, बूट उपडे करून झटकायचे, विंचू निघाला तर मारायचा. चिमूटभर पानाचा चहा. आदल्या संध्याकाळच्या भाकरीला तूप-मीठ लावून खायची. पीठ मळायला पाणीही केतकीच मोजून द्यायची, त्यामुळे भाकरी थापताना कडा फुटायच्या आणि मला वाटायचं माझी अब्रू फुटतेय. भांडी वाळूने घासायची, विसळायचं काम नाही. ऊन चढेपर्यंत चालायचं, मग काठ्यांवर चादर ताणून तिच्याखाली चौघांनी पडायचं, बोलायचंसुद्धा नाही. ऊन कललं की पुन्हा चाल. परसाकडला जाताना एक छोटं पत्र्याचं खुरपं घेऊन जायचं, खड्डा करायचा आणि बुजवायचा. मांजरासारखं.

आणि एक गोष्ट. पहिल्याच सकाळी केतकी म्हणाली होती, "सुदाम म्हणाला होता की इथून डाव्या हाताला—"

मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"ह्यांनी सांगितलंय," तिने सुधारलं, "इथून डाव्या हाताला वळायचं."

आमच्या घरात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी माझ्या मालकांचं त्यांच्या हयातीत घेतलं नाही आणि नंतरही नाही. केतकी माझ्या माघारी घेत असणार, पण माझ्यासमोर नाही. तेवढं मी तिच्याकडून करून घेतलं होतं.

आधीचे सगळे कॅन सुदामने सांगितल्या जागी सापडले. आता शेवटचे राहिले होते. त्याने सांगितलेली खूण अशी: एकटी खेजडी, एक मोठी फांदी मोडून लोंबकळणारी. बाजूला बुजलेली विहीर. दोघांच्या मधे तीन दगड त्रिकोणात, त्यांच्या पोटात पाणी. तिथून पुढं वस्ती दिवसभराच्या चालीवर.

त्या सकाळी आमच्या कॅनमध्ये हलवलं तर वाजेल एवढंच पाणी होतं.

*

ऊन त्या वर्षी लवकर तापलं होतं. होळी अजून व्हायची होती आणि वाळूतून तापल्या तव्यासारखी धग येत होती. शहाणे मागं पडायला लागले. सुलभाताई त्यांची सॅक ओढून घेऊ बघत होत्या, ते देत नव्हते.

"साहेब," मी म्हटलं, "आज समुद्राचं काय झालं? आटला का?"

ते हसले, पण मला नाही, माझ्या पलीकडे कोणाला तरी.

"केतकी, ह्यांच्याकडं बघ."

"बघतेय आई. खेजडी दिसली की थांबू."

खेजडी म्हणजे आपल्याकडची शमी. दिसली ती. लांबून मोडकी फांदीही दिसली आणि माझ्या मनावरचं ओझं खाली आलं. केतकी तर धावलीच, सॅकसकट. मी पोचेपर्यंत ती विहिरीच्या ढिगाऱ्यावर उभी राहून इकडेतिकडे बघत होती. तिचा चेहरा बघून मी गाठोडं उतरवलंच नाही.

तीन दगड कुठंच नव्हते.

होता तो देव. झाड आणि विहीर यांच्या मधोमध दगडांची गुडघाभर उंच रास. वर उभा दगड, शेंदराने माखलेला. त्याला चिंधीएवढं लाल निशाण, पुढ्यात राख, नारळाची करवंटी, बांगड्यांचे तुकडे. शेंदूर ताजा होता, तेल अजून ओघळत होतं.

मी पायातलं काढलं, लांबूनच हात जोडले आणि मग गाठोडं उतरवलं.

शहाण्यांना आम्ही सावलीला बसवलं. सावली कसली, खेजडीची जाळी. केतकीने चादर बांधली आणि खुरपं घेतलं. विहिरीच्या कडेने खणलं, झाडाच्या मुळाशी खणलं, चारी बाजूंनी खणलं. वाळू मऊ असते म्हणतात, पण तिथली खालून कडक होती. तिच्या बोटांना फोड आले. मी दगड उलटेपालटे करत होते. काही नाही.

शेवटी ती देवासमोर येऊन उभी राहिली.

"इथेच आहे, आई. ह्याच्या खाली."

"काय बोलतेस?"

"दुसरी जागाच उरली नाही. ह्यांनी सांगितलं तशी विहीर ही, झाड हे, मधे हीच जागा. कुणीतरी ते तीन दगड बघून देव केलाय."

"देव कोणी करत नाही. देव असतो."

"आई, संक्रांतीला इथे हा देव नव्हता! असता तर त्यांनी सांगितलं नसतं?"

"त्याला दिसला नसंल. त्याचं ध्यान कुठं असतं?"

ती खुरपं घेऊन खाली बसायला गेली. मी तिचं मनगट धरलं.

"ते खुरपं कशाचं हाय तुला माहीत हाय ना? ते घेऊन देवाला हात लावणार? उद्या काय झालं म्हणजे?"

"आज काय होतंय ते बघा!" ती ओरडली. माझ्यावर ती पहिल्यांदाच ओरडली. "शहाणे काकांना घाम यायचा बंद झालाय. कळतंय तुम्हाला त्याचा अर्थ?"

"कळतोय. मला शिकवू नकोस. पण मी जिवंत असेपर्यंत देवाखालचं उकरायचं न्हाई. एकदा सांगितलं."

मी खोटं बोलत नाही, मी भ्याले होते. मोडक्या पायाचा मुलगा घरी होता माझा.

*

तेवढ्यात शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. वाळूच्या चढावरून एक म्हातारी उतरत होती. माझ्याच वयाची, काटकुळी, हातात काठी, खांद्यावर कापडी पाण्याची पिशवी. तिकडे तिला छागळ म्हणतात. ती सरळ आली, आम्ही खणलेले खड्डे एकेक करून बघितले आणि देवाशेजारी जाऊन उकिडवी बसली. घरच्या ओट्यावर बसावं तशी.

"कांई ढूंढो?" तिने विचारलं. काय शोधताय.

केतकी हिंदीत बोलायला लागली. मी मधेच म्हटलं, "पाण्याचं हिला सांगू नकोस."

"का?"

"का म्हणजे? हिनंच काढून नेलं असंल. बघ कशी बसलीय ऐटीत. वाळवंटात निळे डबे पुरलेले दिसले तर कोण सोडंल? नेलं आणि वर देव बसवला. चोर हाय ही. तोंडावरच लिहिलंय."

मी ते मराठीत बोलले. पण चोर हा शब्द तिकडेही चोरच आहे. म्हातारीने मान माझ्याकडे वळवली, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग अशी फिरली की तिची पाठ माझ्याकडे झाली.

केतकी तिच्यासमोर जाऊन बसली. तिनं नाव विचारलं. धापू, म्हातारी म्हणाली. केतकीने विचारलं, मकरसंक्रांतीनंतर इथं एक जीप आली होती का? माझे पती आले होते.

धापूने पटकन वर पाहिलं. "नाम?"

"उनका नाम—" केतकी म्हणाली आणि थांबली. जीभ दाताखाली धरून माझ्याकडे बघितलं. सवय म्हणा, राग म्हणा.

"काही नाव सांगायचं न्हाई," मी म्हटलं. "चौकीवर नेऊन आपल्यालाच अडकवंल. उठ तिथनं."

केतकी उठली नाही, पण बोललीही नाही. धापू वाट बघत राहिली. मग तिने काठी मांडीवर आडवी घेतली आणि वाळूत नजर लावली.

आणि मागून सुलभाताई किंचाळल्या.

शहाणे आडवे झाले होते. डोळे अर्धे उघडे, अंग तापलेलं, कातडी कोरडी खडखडीत. "लाईन जोडा," ते म्हणत होते, "तिकडून आवाज येत नाहीये, लाईन जोडा." केतकीने उरलेलं सगळं पाणी त्यांच्या मानेवर, काखेत ओतलं. ते वाळूने पिऊनही टाकलं. कॅन तिने उलटा धरला आणि झटकला.

धापू कधी आली कळलं नाही. तिने छागळीचं तोंड सोडलं, शहाण्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओढणीचं टोक भिजवून त्यांच्या ओठांवर पिळलं. थोडं थांबून परत पिळलं. छागळ रिकामी झाली. तिने ती केतकीला दाखवली. घर? केतकीने विचारलं. धापूने चढाच्या पलीकडे, अगदी आभाळाच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथलं टाकंही कोरडं, टँकर येतो, तो कधी येईल तेव्हा.

"ह्यांना उचलून नेता येणार नाही," केतकी म्हणाली. "मी एकटी पळत गेले तरी संध्याकाळच्या आत परत येत नाही."

"तोवर?" सुलभाताई म्हणाल्या.

केतकीने खुरपं उचललं आणि देवाकडे निघाली. ह्या वेळी मी मनगट धरलं नाही. पण धापू तिच्याआधी पोचली. काठी आडवी धरून उभी.

"हाथ मत लगाज्यो."

"नीचे पानी है! मेरे पति ने रखा है!"

"सगळा आ ही कैवै," धापू म्हणाली. सगळे हेच म्हणतात.

"माँजी, वो आदमी मर जाएगा!"

म्हातारीचे डोळे शहाण्यांवर गेले, परत केतकीवर आले. ती चलबिचल झाली होती, ते मला दिसलं. पण काठी खाली आली नाही. आणि मला वाटलं, ही बाई देवाला भ्यालेली आहे. माझ्यासारखीच. हिला सूनबाईची हिंदी हलवू शकणार नाही. हिला हलवलं तर तिचा देवच हलवील.

आमच्या वरच्या आळीतल्या पारूच्या अंगात दर पुनवेला येतं. मी आयुष्यभर तिची टर उडवली. हिला पुरणपोळी दिसली की देवी येते, असं मी भर पंगतीत म्हटलेलं आहे. पण घुमताना ती काय काय करते, ते मी इतक्यांदा बघितलं होतं की झोपेतसुद्धा करून दाखवलं असतं.

मनात म्हटलं, देवा, तू कोण आहेस मला ठाऊक नाही. नंतर तुझं काय ते आपण बघून घेऊ.

मी पदर खाली टाकला, अंबाडा सोडला. देवासमोर जाऊन बसले आणि घुमायला लागले.

"हूं... हूं... हूं..."

"आई?" केतकी म्हणाली.

मी देवाचा शेंदूर दोन बोटांनी ओरबाडला आणि कपाळाला फासला. मालक गेल्यापासून त्या कपाळाला लाल लागलं नव्हतं. सुलभाताईंचा आवाज आला, "अगंबाई!" मी केस पुढे घेऊन मान फिरवली. उन्हात, तहानेने, खरंच गरगरायला लागलं. थोड्या वेळाने मला कळेना मी फिरवतेय का फिरतेय.

"उठवा मला!" मी म्हटलं. आवाज माझा राहिला नव्हता, घसा सुकून खरवडल्यासारखा झाला होता. "कशाला दाबून ठेवलंय? बुडाखाली थंडी भरली माझ्या! उठवा!"

धापूची काठी खाली टेकली. ती समोर येऊन बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून. मी केसांतून बघत होते. तिचे डोळे बारीक झाले होते.

"बाबजी," तिने अगदी आदराने विचारलं, "थारै नीचै कांई है?"

तुझ्या खाली काय आहे? एवढं मला कळलं.

"पाणी! निळ्या डब्यांत पाणी!"

"किणरो?"

कोणाचं? मी मान फिरवतच होते. विचार करायला जागा नव्हती डोक्यात.

"माझ्या सुदामचं!" मी ओरडले. "माझ्या लेकानं पुरलंय! माझ्या सुदामनं!"

आणि घुमता घुमता थिजले. कोणत्या देवाचा मुलगा सुदाम? वेल्ह्याचा?

केतकीने तोंडावर हात ठेवला होता. मी तशीच, केस तोंडावर, कपाळाला शेंदूर, मान खाली.

"सुदाम," धापू म्हणाली. मग चव घेतल्यासारखं पुन्हा म्हणाली, "सुदाम भाई."

तिने काठी फेकून दिली. निशाण उपटलं. शेंदराचा दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला आडवा केला, वाणसामानाचा डबा सरकवावा तसा. आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती. दात नव्हते, हिरड्या दिसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हाताने वाळू उपसत होती.

"बघताय काय!" मी सगळ्यांवर ओरडले. "खणा!"

आम्ही तिघी हातांनीच खणत होतो. खुरप्याची कोणाला आठवण झाली नाही. कोपरभर खाली गेल्यावर केतकीची नखं प्लास्टिकवर वाजली.

*

शहाणे ऊन कलताना शुद्धीवर आले. पहिलं वाक्य काय, तर सुलभाताईंना म्हणाले, "तू सॅक सावलीत ठेवली नाहीस ना?" सुलभाताई त्यांना इतकं बोलल्या, इतकं बोलल्या, की मलाही काही शिकायला मिळालं.

धापूने सगळं सांगितलं, केतकीने मला मराठीत करून दिलं. जीप आली तेव्हा धापू चढावर शेळ्या घेऊन होती. तिनं सगळं बघितलं. जीपवाला सारखा हाका मारत होता, सुदाम भाई, जल्दी करो, सुदाम भाई. ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी कोणी उंटवाले चाकांच्या खुणा बघत आले आणि दगड हलवायला लागले. ही म्हणाली, कोणाचं आहे? ते म्हणाले, आमचंच. ही म्हणाली, ठेवणाऱ्याचं नाव सांगा. त्यांना येईना. तेव्हा ते गेले, पण परत येणार हे हिला दिसत होतं. मग हिने घरातला शेंदूर आणला, जुन्या ओढणीचं निशाण केलं आणि देव बसवला. त्यानंतर दोन टोळ्या आल्या. दोन्ही पाया पडून गेल्या.

"देव के नीचे कौन खोदेगा?" धापू म्हणाली.

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी वाळूकडे बघितलं.

"पण माँजी, मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलं?"

धापूने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. इसने मुझे चोर कहा.

"म्हटलं," मी म्हणाले. "केतकी, तिला सांग, म्हटलं आणि बरोबर म्हटलं. देवाच्या नावावर खोटा बाजार मांडणारीला काय म्हणतात?"

केतकी कचरली. मग सांगितलं. धापूने ऐकून घेतलं, माझ्या कपाळावरच्या शेंदराकडे बोट केलं आणि विचारलं, "अर आ?"

आणि ही?

मग मी हसले. फुटलेल्या ओठांनी जेवढं हसता येईल तेवढं. ती माझ्या गुडघ्यावर थापटी मारत होती आणि मी तिच्या. आमच्यात एक अख्खं वाक्य कोणाला कोणाचं कळत नव्हतं.

निघताना केतकीने धापूची छागळ भरली. मोजली नाही. तोंडाशी येऊन सांडेपर्यंत भरली.

धापू मात्र खड्डा बुजवून परत दगड रचायला लागली. शेंदराचा दगड उभा केला, निशाण खोचलं.

"अब क्यों?" केतकीने विचारलं. "आता तर खाली काही नाही."

धापू म्हणाली, माझी सून ह्याला नवस बोललीय. तिला कसं सांगू? आणि ओठावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

मी पायातलं काढलं. देवासमोर गेले आणि हात जोडले, सकाळच्यापेक्षा जरा जास्त वेळ.

"आता तुम्ही का?" केतकी हळूच म्हणाली. "आता तर सगळं कळलंय."

"राखणीला बसला होता ना? बिनपगारी."

गाठोडं मी डोक्यावर घेतलं. शहाण्यांना मधे घालून आम्ही सावकाश चाललो आणि सूर्य वाळूला टेकायच्या आत मुक्काम केला. सुलभाताई तंबू ठोकत होत्या. केतकी कॅनचं झाकण उघडून फुलपात्र घेऊन बसली. तिच्या बोटांना मी चिंध्या बांधल्या होत्या, तुपात बुडवून.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"अंगात आलं होतं ते... सगळं नाटक होतं?"

मी पीठ चाळत होते. चाळत राहिले.

तीच मग म्हणाली, "सुदामला सांगू नका मी तुमच्यावर ओरडले ते."

नाव घेतलं तिनं. माझ्या तोंडासमोर, डोळ्यांत बघून, नेहमीच्या आवाजात. घेऊन झाल्यावर ती गप्प राहिली, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी हात झटकला आणि पुढे केला.

"पाणी मोज," मी म्हटलं.